कपाटामागचा प्रॉम्टर

लाखांदूरकडच्या एका गावात मी शिक्षक आहे. शाळा पाचवीपर्यंत. पुढे पोरं एसटीने लाखांदूरला जातात, आणि तिथल्या भरगच्च वर्गात कोणाला वाचता येतं हे पाहायला कोणाला सवड नसते. त्यामुळे वाचायला शिकण्याची शेवटची जागा म्हणजे आमची शाळा. गेल्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती. एकेक अक्षर ती ओळखायची. अक्षरं जोडून शब्द झाला की गप्प व्हायची.

त्याच सुमारास आमचं प्रशिक्षण झालं. दीपप्रज्वलन, सत्कार आणि सत्काराला उत्तर यांतून उरलेल्या वेळात एका तज्ज्ञाने भूमिका-खेळातून वाचन कसं शिकवावं ते सांगितलं. कल्पना चांगली होती, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

मी खेळ रचला. गावच्या तलावाची पाळ कोणीतरी फोडली आहे. कोणी, ते शोधायचं. प्रत्येकाला पुठ्ठ्याचं एक कार्ड: तू कोण, तुला काय ठाऊक आहे, काय लपवायचं आहे. कार्ड ज्याचं त्याने वाचायचं, बोलायचं मात्र आपल्या मनाने. मध्येच चिंचोके टाकून नशीब ठरवायचं. वाचल्याशिवाय खेळताच येऊ नये, असा माझा बेत.

त्या मुलीला पोलीस पाटलाचं कार्ड मिळालं. तिने कमरेवर हात ठेवला आणि मासे धरणाऱ्याचं काम करणाऱ्या पोराला गाठलं.

"काहून गा, त्या राती पाळीवर काय करून रायला होता तू?"

"मासोऱ्या धरून रायलो होतो, पाटीलसाहेब."

"मासोऱ्या धराले फावडा लागते काय?"

वर्ग हसून लोटपोट झाला. फावड्याची गोष्ट कार्डावर होती, टोमणा तिचा स्वतःचा. म्हणजे तिने कार्ड वाचलं होतं. दर आठवड्याला मी नवी कार्डं लिहीत गेलो, ती प्रत्येक भूमिका गाजवत गेली. फार दिवसांनी मला शाळेत जाताना बरं वाटू लागलं.

मग एक दिवस वर्गातला सर्वांत चांगला वाचणारा पोरगा आसगावला मामाकडे गेला. त्या दिवशी खेळ सुरू झाला आणि लगेच थांबला. हातात कार्डं धरून सगळी पोरं कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे पाहत उभी राहिली.

तो पोरगा नेहमी कपाटाच्या आडोशाला बसायचा. लाजरा आहे, चिंचोके सांभाळतो, अशी माझी समजूत होती. तो प्रॉम्टर होता. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी नाटकं होतात. विंगेतून प्रॉम्टर वाक्य देतो, नट ते उचलून रंगवतो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पोरांनी माझा खेळ पाहिला, त्याला नाटक मानलं, आणि नाटकाला लागतो तसा प्रॉम्टर पहिल्याच दिवशी नेमून टाकला. कार्डं वाटली की सगळ्यांची तोच वाचून घ्यायचा आणि आडोशातून ज्याचं त्याला हळूच सांगायचा. मला कोणी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे?

कार्ड स्वतः का वाचत नाहीस, असं मुलीला मी जवळ बसवून विचारलं, तर तिलाच माझं आश्चर्य वाटलं.

"माह्या बाबाले कोठी वाचता येते, सर? तरी राजाचा पार्ट करते."

शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन बसू लागलो. तिला दोन अक्षरी शब्द जमू लागले. तेही एखाद्या दिवशी जमायचे, दुसऱ्या दिवशी पुसले जायचे. मला एकट्याला पाच वर्ग होते. दुपारपुरती एक मदतनीस शिक्षिका मिळावी म्हणून मी अर्ज केला, आणि उत्तरादाखल तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी साहेब स्वतः शाळा पाहायला आले.

पोरांना खेळ दाखवायचा होता. प्रॉम्टर आपल्या जागी गेला. मुलीने तपास असा काही केला की साहेबांनी मोबाइल काढून चित्रीकरण केलं.

"साहेब, हिला वाचता येत नाही," मी म्हणालो. "कपाटामागे एक मुलगा आहे, तो सगळ्यांना सांगतो."

साहेबांनी कपाटामागे वाकून पाहिलं. पोराने उठून नमस्कार केला.

"सर, यालाच सहाध्यायी अध्ययन म्हणतात," साहेब म्हणाले. "तुम्ही फार विनम्र आहात."

"साहेब, तिच्या हातात एखादं पुस्तक देऊन पाहा."

"एवढा आत्मविश्वास असलेली मुलगी वाचत नाही, हे मला पटत नाही." त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

शाळा प्रगत ठरली. प्रगत शाळेला मदतनीस शिक्षिकेची गरज नसते, असं मला कळवण्यात आलं. ते चित्रीकरण पुढच्या प्रशिक्षणात दाखवलं गेलं. मी मागच्या रांगेत बसून पाहिलं. कपाट त्यात दिसत नाही. तज्ज्ञांनी चित्र थांबवून मुलीच्या हातातल्या कार्डाकडे बोट दाखवलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

उन्हाळ्यापर्यंत मी तिला घेऊन बसत राहिलो. तीन अक्षरी शब्दापर्यंत आम्ही पोहोचलो नाही. निकालाच्या दिवशी दाखला घेऊन ती दारात घुटमळली. तो वाचणारा पोरगा नवोदयची परीक्षा पास झाला होता. तो लाखांदूरला जाणार नव्हता.

"सर, लाखांदूरच्या शाळेत प्रॉम्टर रायते ना?"

मी नाही म्हणालो. तिला वाटलं, मी गंमत करतो आहे. ती हसत गेली.