दक्षिणेकडची सावली

माझे यजमान तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये होते. निवृत्त होऊन घरी आले ते खोकला बरोबर घेऊनच. पाच-सहा वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत आणि हे आता मागे फिरणार नाही. मग आमच्या माजघरात ऑक्सिजनचं मशीन आलं. छोट्या कपाटाएवढं, खाली चाकं. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून ते नळीने नाकाशी देतं. दिवसाचे सोळा-सतरा तास ते चालू असायचं. त्याची घरघर इतकी अंगवळणी पडली होती की ती थांबली की मी हातातलं टाकून धावत असे.

थांबायची ती वीज गेली की. आमची वाडी मालवण-कट्टा रस्त्यापासून बरीच आत आहे. विजेच्या तारा माडांतून, आंब्यांतून येतात. मी कट्ट्याच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, दिवे जाण्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. एका वैशाखात वादळ आलं आणि वीज चार दिवस गेली. घरात ऑक्सिजनचे दोन सिलिंडर होते. रस्त्यावर झाडं पडलेली, नवे आणायला कुडाळला माणूस पाठवायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी यजमानांनी स्वतःच हिशोब घातला: दोन तास नळी लावायची, एक तास काढायची. काढलेल्या तासात ते खुर्चीत पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकून बसत. मी समोर घड्याळ घेऊन बसे. त्या तासांत आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

वीज आली त्या आठवड्यातच पुण्याहून मुलीने सोलरवाल्याला पाठवलं. चुणचुणीत तरुण माणूस होता. शिडी लावून वर चढला, फोनमध्ये दिशा बघितली आणि खाली येऊन म्हणाला की तुमचं कौलांचं दक्षिणेला उतरतं पाखं उत्तम आहे, दिवसभर ऊन आहे, सावली कुठेच नाही. सहा पॅनल आणि खाली बॅटऱ्या ठेवल्या की मशीन दिवसरात्र चालेल.

यजमान शांतपणे ऐकत होते. बाहेरच्या माणसाशी ते नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. म्हणाले, "आता मे महिना आहे. सूर्य डोक्यावर आहे, उलट जरासा उत्तरेलाच. मार्गशीर्षात या आणि मग सांगा."

त्याला ते लगेच कळलं नाही. मलाही नाही. मग त्यांनी माझ्याकडून एक सरळ काठी मागवली. घरापुढच्या खळ्यात ती उभी धरायला लावली, तिची सावली मोजायला लावली. मग आमच्या दक्षिणेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून जे पाच माड आहेत त्यांची सावली कुठवर जाते ते मोजून आणायला लावलं. काठीवरून माडाची उंची काढायचं हे गणित मी सातवीच्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, पण कधी कुणाचा जीव त्याला टांगलेला नव्हता. त्यांनी कागदावर घर काढलं, गडगा काढला, माड काढले. थंडीत सूर्य दक्षिणेला किती कलतो हे बोटीवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या दिवसांत सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत एकामागून एक माडाची सावली आमच्या पाख्यावरून सरकणार होती.

सोलरवाल्याने कागद बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने कबूल केलं की एका पॅनलवर झावळीची सावली पडली तरी जोडलेल्या अख्ख्या ओळीची वीज खाली येते. शिवाय आमच्याकडे पावसाचे चार महिने आभाळ भरलेलं. मशीन बिनघोर चालवायचं तर थंडीतलं स्वच्छ ऊन गमावून चालणार नव्हतं. मग उत्तरेचं पाखं बघितलं, ते सूर्याकडे पाठ करून. खळ्यावर आंबा. पूर्वेला फणस. यजमानांनी कागदावर एकेक जागा खोडली.

माड आमचे नव्हते. गडग्यापलीकडे त्यांचा चुलतभाऊ राहतो, त्याचे ते. आणि त्याच्याशी सतरा वर्षं बोलणं नव्हतं.

कारण सांगायला हवं. यजमानांची आई ते तीन वर्षांचे असताना गेली. त्यांना वाढवलं काकीने, म्हणजे या चुलतभावाच्या आईने. दोघे एका ताटात जेवलेले. काकी गेली तेव्हा यजमान सुट्टीवर घरी होते. दहाव्या दिवशी बोटीचा निरोप आला, अकराव्याला त्यांना निघावं लागलं. बाराव्याला ते नव्हते. परत आले तेव्हा चुलतभावाने दारातच सांगितलं की आवशीच्या, म्हणजे आईच्या, बाराव्याला जो थांबला नाही त्याने माझ्या घरी येऊ नये. यजमान तिथून वळले. दोघेही हट्टी. मधल्या काळात त्याने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, आमच्या मुलीचं लग्न झालं, आणि गडग्यावरून बोलत असू ते फक्त मी आणि त्याची बायको. तीही चार वर्षांपूर्वी गेली.

मी यजमानांना म्हटलं, मी जाऊन विचारते. पाचातले तीन माड गेले तरी पुरे.

ते म्हणाले, "माका श्वास गावलो नाय तरी चलात, पण तेच्याकडे जाव नको. ते माड काकीन लायलेले. मीच पाणी घालीत होतंय."

मी गेले. त्यांना न सांगता, दुपारी ते झोपलेले असताना. लग्नानंतर नवऱ्याचा शब्द मोडून केलेली ती माझी पहिलीच मोठी गोष्ट असेल. चुलतदीर पडवीत सुपारी सोलत बसले होते. पूर्वी त्यांचं कट्ट्यावर सायकलींचं दुकान होतं. त्या कामाने बोटं अजून काळपट आहेत. मला बघून उठले, पाणी आणलं. मी सगळं सांगितलं. वादळातले ते तासही सांगितले, जे मी मुलीलाही सांगितले नव्हते.

त्यांनी हातातली सुपारी सोलून संपवली. मग म्हणाले, "माड तोडूचे नाय, वयनी. आवशीन लायलेले ते."

मी उठले. राग आला नाही. दोन्ही घरांतून एकच उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतदीर आमच्या खळ्यात येऊन उभे राहिले. यजमान खुर्चीत होते, नाकाला नळी. यजमानांना असं चुलतदिरांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी आतून पाट आणला, पण ते बसले नाहीत. यजमानांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. म्हणाले, "माझ्या स्लॅबार सकाळपासून सांजपर्यंत ऊन आसता. माडांची सावली थंय येणा नाय. थंय लावा."

ते खरं होतं. माड त्यांच्या उत्तरेला. थंडीत सावली सगळी आमच्यावर, ऊन सगळं त्यांच्यावर. इतके दिवस कागदावर घर काढताना आम्ही गडग्यापलीकडे काही काढलंच नव्हतं.

यजमानांनी गडग्यापलीकडे नजर वळवली. मला वाटलं, हे आता नको म्हणणार. पण त्यांनी विचारलं, "तुझ्या टाकीची सावली खंय पडता?"

सतरा वर्षांनंतरचा तो पहिला शब्द. चुलतदीर पाटावर बसले.

पाण्याची टाकी स्लॅबच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, उंच चौथऱ्यावर होती. यजमानांना वर चढता येणं शक्य नव्हतं. त्यांनी खडू दिला आणि दर तासाला सावलीच्या कडेवर रेघ मारायला सांगितलं. चुलतदीर तीन दिवस त्या उन्हात वर-खाली करत होते आणि मापं कागदावर आणून देत होते. तासाची वेळ चुकली की यजमान कागद परत करत. चुलतदीर निमूट परत चढत. गणित मांडून झाल्यावर यजमान म्हणाले की थंडीत टाकीची सावली मधोमध येईल, चार पॅनलच बसतील. चुलतदीर घरी गेले. पाऊस सुरू होण्याआधी त्यांनी गवंडी बोलावला, चौथरा फोडला आणि टाकी उत्तरेच्या कडेला नेली.

मी ते सांगितलं तेव्हा यजमानांनी मला दोनदा विचारलं, "टाकी हलवल्यान?"

चतुर्थी झाल्यावर पॅनल बसले. सोलरवाला कठड्याच्या रेषेत स्टँड लावायला निघाला होता. यजमानांनी खालून मला हाक मारायला लावून त्याला थांबवलं, आपलं होकायंत्र वर पाठवलं आणि बरोब्बर दक्षिणेकडे तोंड करून घेतलं. तिरकेपणाही त्यांनीच सांगितला, सोळा अंश, आपण जिथे राहतो तिथला अक्षांश. तार गडग्यावरून आमच्याकडच्या बॅटऱ्यांना आली. एक जोडणी चुलतदिरांच्या पंख्या-दिव्यांना द्यायची ठरली; ते नको म्हणत होते, यजमानांनी ऐकलं नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी यजमानांनी खुर्ची खळ्याच्या टोकाला न्यायला सांगितली. चुलतदीरही येऊन उभे राहिले. माडांची सावली आमच्या कौलांवर चढली, कागदावर होती तशीच. आणि गडग्यापलीकडे पॅनल उन्हात लखलखत होते. दोघे अर्धा तास बघत होते.

पुढच्या मिरगात, पावसाच्या तोंडाला, तार तुटून तीन दिवस वीज नव्हती. मशीन थांबलं नाही. मी तीन दिवस नेहमीसारखा स्वयंपाक केला.

यजमान कार्तिकात गेले, दुपारी तीनच्या सुमारास. वीज होती. मशीन चालू होतं. तेवढ्याने भागलं नाही. चुलतदीर पायाशी बसले होते. सगळं संपल्यावर त्यांनीच उठून मशीन बंद केलं. मला ते जमलं नसतं.

नंतर मी त्यांना म्हटलं की पॅनल तुमच्या घरावर आहेत, आता सगळी वीज तुमच्याकडेच घ्या. ते म्हणाले, तार आहे तशी राहू दे. बॅटऱ्यांत महिन्याला पाणी घालावं लागतं. दर महिन्याला ते बाटली घेऊन येतात, पाणी घालतात, चहा घेतात. आम्ही फार बोलत नाही. एकदा टोपण लावता लावता, माझ्याकडे पाठ असताना, ते म्हणाले, "तो तेव्हा गेलो ता बरोबरच होता. बोट थांबणा नाय कोणासाठी."

मी विचारलं, हे त्यांना कधी सांगितलंत का?

"नाय," ते म्हणाले. "सावलीच्या गजाली-गप्पांत ऱ्हवान गेला."

मशीन मी वर्षभर माजघरात झाकून ठेवलं होतं. मग मसुऱ्यातून एका बाईचा निरोप आला, तिच्या सासऱ्यांना तोच आजार झाला होता. रिक्षा घेऊन ती स्वतः आली. मी तिला नळी कशी धुवायची, गाळणी किती दिवसांनी काढायची, आवाज बदलला तर काय समजायचं ते दाखवलं. ती वहीत लिहून घेत होती. मशीन रिक्षात चढवल्यावर तिने विचारलं, वीज गेली तर काय करायचं? मी तिला परत आत बोलावलं, बसवलं, आणि तुमच्या घराच्या दक्षिणेला काय काय आहे ते सांग म्हटलं.