सोललेला पावटा

घेवडा म्हणून लोक काय वाट्टेल ते खपवतात. राजमाही घेवडा, वालही घेवडा, पावटा तर विचारूच नका. मी दिल्लीतल्या एका सरकारी बियाणे-संग्रहात कडधान्यांची वर्गवारी करते, त्यामुळे जेवताना कुणी चुकलं की माझी जीभ वळवळायचीच. राजमा वेगळ्या घरचा, वाल-पावटा वेगळ्या घरचे, आणि बाकला तर यांच्यातला नव्हेच, तो वाटाण्याचा चुलतभाऊ. "जेवू दे यार," नवरा म्हणायचा.

बाकला मात्र आमच्याकडे थट्टेचा विषय नव्हता. मुलाच्या रक्तात जन्मापासून एक कमतरता आहे. बाकला पोटात गेला तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे फरीदाबादच्या आमच्या घरात तो कधी आलाच नाही. नाव सगळ्यांना पाठ होतं. तो दिसतो कसा, हे माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये सासूबाई राहायला आल्या होत्या. एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर दारातच म्हणाल्या, "अगं, तुमच्या दिल्लीत पावटा मिळाला! बाकला नाही ना, असं विचारून घेतला हो. भाजीवाला म्हणाला, सेम है, माताजी. सेम म्हणजे हिंदीत आपला वाल-पावटाच ना? नातवानं दुपारी दोन वाट्या उसळ खाल्ली."

चप्पल न काढता मी स्वयंपाकघरात गेले. शेंगांची टरफलं कचऱ्याच्या गाडीत गेली होती. कढईतली उरलेली उसळ सोललेली, मऊ, हिरवी. दाण्याची खूण असते सालावरच्या डोळ्यात, म्हणजे दाणा शेंगेला चिकटलेला असतो तिथे. पावट्याला कडेनं पांढरी ठसठशीत रेघ असते. साल गेलं की ती खूणही जाते. मी हातानंच रस्सा ढवळत राहिले.

तळाशी साल न निघालेला एक दाणा सापडला. नळाखाली धुतला आणि खिडकीशी नेला. पांढरी रेघ दिसू दे, एवढंच मागत होते. रेघ नव्हती. डोळा टोकाशी होता, आखूड, बाकल्याचा असतो तसा. पुन्हा धुतला, पुन्हा पाहिला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "पक्का बाकला ही था? सेम तो नहीं?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"बाकला ही था," मी म्हटलं.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मला त्यांची कीव आली नाही. भयंकर राग आला होता, आणि तो त्यांच्यावर काढावा की माझ्यावर की त्या भाजीवाल्यावर, हे सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलगा पलंगावर बसून मोबाइलवर खेळत होता. मला वाटायला लागलं, मीच चुकले असेन. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता देवा, माझी चूक निघू दे. तेवढ्यात तो बाथरूममधून ओरडला, "आई, देख ना, सूसू चहासारखी आली!"

कोऱ्या चहासारखी. संध्याकाळपर्यंत डोळे पिवळे पडले आणि ओठांचा रंग उडाला. हाक मारली तरी तो नुसतं हूं म्हणायचा.

रक्त चढवायचं ठरलं. नवरा खाली रक्तपेढीकडे धावला. सासूबाई उठल्या, पदर सावरला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि नर्ससमोर हात धरला. "मेरा लीजिए."

"अम्माजी, इस उमर में नहीं लेते," नर्स समजुतीनं म्हणाली आणि पुढे गेली.

नवऱ्यानं पिशवी आणली, नळी लागली, थेंब पडू लागले. सासूबाई अजून तशाच उभ्या होत्या, हात पुढे करून. मी जवळ जाऊन म्हटलं, "आई, बसा आता," आणि तो हात धरून खाली करू लागले, तर तो खाली येईना.