एकटी धमनी

पोमातसारखा हट्टी माणूस अख्ख्या लाए शहरात सापडायचा नाही. सव्वीस वर्षं तो आमच्या प्रयोगशाळेत मेणात बसवलेल्या मांसाचे केसाहून पातळ काप काढतोय. मी तिथली कारकून. रजिस्टर सांभाळते आणि त्याच्याशी भांडते.

त्या शुक्रवारी डॉक्टरांनी जिभेच्या कॅन्सरचा एक रिपोर्ट सहीला घेतला. सुपारी आणि चुना चघळून झालेला, आमच्याकडे रोजचाच. कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ, मानेतल्या गाठी स्वच्छ. तेवढ्यावरच पेशंटला 'सगळं ठीक आहे' असं सांगून सकाळीच घरी सोडलं होतं.

"सही करू नका," पोमात म्हणाला. "इथे धमनी एकटी आहे."

"मग तिचं लग्न लावून देऊ का?" मी म्हटलं.

"धमनीच्या शेजारी शीर असतेच. हिची गेली कुठे?"

मी कपाळावर हात मारला. पण त्याने आणखी खोल काप काढला आणि शिरेची भिंत काळी करणारा रंग चढवला. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते वर बघेचनात. काळ्या कड्याच्या आत शीर तुडुंब भरून कॅन्सर बसला होता.

"ह्याला रक्तात उतरायची वाट सापडलीये," डॉक्टर म्हणाले. "आता नुसत्या ऑपरेशनने भागायचं नाही. परत उलटेल, नाहीतर फुप्फुसात जाईल. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत किरणं सुरू व्हायला हवीत, आणि चार तर रिपोर्टची वाट बघण्यातच गेले. कोण आहे पेशंट?"

मी नंबर काढला. निवेलिन, राहणार लोरेंगाउजवळचं एक खेडं, पोमातच्याच बेटावरचं. पोमातने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि पालथ्या हाताने ते नाव झाकलं. ती त्याची सासू होती.

त्यांच्या बेटावर जावई सासूकडे बघत नाही, तिच्याशी बोलत नाही, तिचं नाव तर मेला तरी घेत नाही. घेतलं तर तिच्या सगळ्या कुळाची अब्रू जाते. सासूचं ऑपरेशन झाल्याचं त्याला ठाऊक होतं, पण विचारायची सोय नव्हती, आणि त्याच्या हातात येतात त्या कापांच्या काचांवर फक्त नंबर असतात.

"अरे, बायकोला फोन लाव!"

"बंद आहे. आईला बोटीवर बसवायला गेलीये. चारची बोट."

पावणेचार वाजले होते. पुढची बोट पंधरा दिवसांनी. तिच्या गावात फोन लागत नाही. गाडी मी काढली आणि कशी चालवली ते विचारू नका.

बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्याने ओळखीचं कार्ड मागितलं. माझं टेबलावर राहिलेलं! पोमात एकटाच धावला आणि मी तारेच्या कुंपणाला लटकून बघत बसले. बोटीचा जिना काढायला घेतला होता. पोमातने खलाशापुढे सासूच्या नावाची चिठ्ठी धरली.

"चष्मा वर राहिला, बाबा," खलाशी म्हणाला असणार, कारण त्याने डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि पोमातच्या हातात माईक दिला.

पोमातने तोंड उघडलं. मिटलं. डेकवर चटया, डुकरं आणि त्याच्याच बेटाची दोनशे माणसं.

"निवेलिन! अगं निवेलिन!" मी बोंबलले. इंजिनाच्या धडधडीत मला कोण विचारतो? "बोल ना रे मुडद्या! शीर शोधायला तोंड होतं, आता काय दातखीळ बसली?" रागाने आणि भीतीने मला रडू फुटलं.

"निवेलिन!" भोंग्यातून आवाज आला. "खाली उतरा!"

डेकवरची सगळी माणसं कठड्याला येऊन चिकटली. डोक्यावरून टॉवेल ओढलेली एक म्हातारी तरातरा जिना उतरली आणि तिने छत्रीने त्याला झोडपायला सुरुवात केली. "अहो, हे काय केलंत!" म्हणत त्याची बायको मागून रडत आली. पोमातने तोंड खांबाकडे केलं आणि पाठीवर मार घेत खांबालाच सांगत राहिला. माईक अजून चालूच होता.

"कॅन्सर शिरेत शिरलाय. किरणं घ्यावी लागतील. घरी जाऊ नका."

छत्री थांबली. अर्ध्या जिभेने, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, ती त्याच्याशी बोलली. "मी वाचेन?"

"माहीत नाही," पोमात म्हणाला. "थांबलात तर आशा जास्त आहे."

म्हातारीने छत्री काखेत मारली. मग वर डेककडे बघून काहीतरी ओरडली. तिचं ते बोबडं बोलणं खलाशांना कळेना. ती पुन्हा ओरडली, तरी कळेना. तेव्हा पोमातने खांबाकडे तोंड ठेवूनच माईकवर सांगितलं, "त्यांचं बोचकं खाली टाका."