पंगतीतला डावा हात

श्रीधरकाका गेल्याचा फोन आला, तेव्हा दुःखाच्या आधी मला आली ती शंका. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या या निवृत्त भूलतज्ज्ञाने मागे स्वतःच्याच वाढदिवसाला पडद्यामागे लपून पाहुण्यांना ताटकळत ठेवलं होतं. हाही त्यातलाच प्रकार असणार, असं वाटलं... नव्हता.

शंका घ्यायला मला त्यांनीच शिकवलं. मी रविवारी वॉटफर्डहून त्यांच्याकडे जायचो. चहा हातात आला की ते एखादा जुना जर्मन मूकपट लावत. बर्लिनच्या स्टुडिओत उभारलेला हिंदुस्थानी राजवाडा, आणि तोंडाला तपकिरी रंग फासलेला जर्मन महाराजा. "त्याला काय बघतोस? तो रंगवलेला आहे. कोपरा बघ." कोपऱ्यात खरी माणसं असत. शिकायला आलेले हिंदी विद्यार्थी, जहाजावरून उतरलेले खलाशी, कुणी आफ्रिकेतून आलेले. हातात पंखा नाहीतर तबक, आणि नामावलीत नाव नाही. "वॉर्डात पेशंट मलाच विचारायचे, डॉक्टर कधी येणार? तेव्हापासून मी कोपरेच बघतो."

एका मूकपटात पंगत आहे. सगळे खोटं खोटं जेवतात. कडेला बसलेला एक तरुण मात्र आधी हातात पाणी घेऊन ताटाभोवती फिरवतो. हे त्याला जर्मन दिग्दर्शकाने सांगणं शक्यच नव्हतं. आणि पाणी फिरवतो तो डाव्या हाताने. काकांच्या आजोबांचा धाकटा भाऊ बर्लिनला शिकायला गेला, तो परतलाच नाही. घरात त्याचं नाव काढत नसत. एवढंच माहीत होतं की मार खाऊनही त्याचा डावखुरेपणा सुटला नाही. काकाही डावखुरे.

"हेच ते आजोबा. घरात कुणी मानत नाही, तू तरी एकदा हो म्हण."

"काका, प्रिंट आरशातल्यासारखी उलटी निघाली असेल. मग काय, सगळेच डावखुरे."

"नालायका," म्हणत ते खुशीत पुन्हा सुरुवातीपासून लावत. स्वयंपाकघरातून विद्याकाकूंचा आवाज येई, "अहो, पुरे. कुठला कोण, त्याला घरात आणून बसवलाय."

तेराव्याला पुण्याचे गुरुजी लॅपटॉपवर होते. काकांसाठी वाढलेल्या पानाभोवती काकूंनी पाणी फिरवलं... डाव्या हाताने.

"वहिनी, उजवा हात," लॅपटॉप म्हणाला.

"ह्यांच्या घरात डावाच, गुरुजी. बर्लिनच्या आजोबांपासून."

म्हणजे इतकी वर्षं या बाई दाराआडून सगळं बघत होत्या, असा मला दाट संशय आहे.

परवा पुन्हा गेलो. काकांची खुर्ची टीव्हीसमोर नाही, जरा तिरकी आहे. बसलं की नजर आपोआप पडद्याच्या कडेला जाते, जिथे तो तरुण बसतो तिथे. काकूंनी चहा दिला, मूकपट लावला आणि नेमका पंगतीपाशी थांबवला.

"आता सांग. प्रिंट उलटी आहे?"

मी त्या हाताकडे बघितलं, मग काकूंकडे.

"शंका आहे," मी म्हटलं.

"मग बस," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून लावला.