नंतर आणि म्हणून

माझी आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात तेवीस वर्षं कामाला होती. तळमजल्यावर तीन मोठी मशीनं, पलीकडे इस्त्रीची टेबलं आणि भिंतीला लागून चादरींच्या छतापर्यंत थप्प्या. मशीनांच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे, त्यामुळे घरीसुद्धा तिचा आवाज कधी खाली आला नाही. भांडणात ती कुणाला हार जायची नाही. आतोबांपुढे मात्र तिचं काही चालत नसे. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ही तावातावाने बोलत सुटली की ते चष्मा पुसत विचारायचे, "बरं, पण त्यावरून हे कसं ठरलं?" मग आत्या स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवर राग काढायची.

बावन्नाव्या वर्षी तिने वाचनालयाच्या फळ्यावर एक सूचना वाचली: तर्क आणि युक्तिवाद, आठ शनिवार, दुपारी चार वाजता. तिने उभ्या उभ्या नाव नोंदवलं. कारणही लपवलं नाही. आठ शनिवार शिकून घेते, मग तुमच्या आतोबांची बोलती बंद करते, असं तिने आम्हा भाचरांना सांगून टाकलं. आतोबांनी तिला एक नवी वही आणून दिली.

वर्ग बालविभागात भरायचा. खुर्च्या लहान मुलांच्या, त्यामुळे आत्याचे गुडघे हनुवटीला टेकायचे. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि इतक्या हळू बोलायच्या की ऐकायचं तर सगळ्यांना गप्प बसावंच लागे. पहिल्या शनिवारी त्यांनी विचारलं, "इस्त्री फार तापली तर कापड पिवळं पडतं. हे कापड पिवळं पडलंय. मग इस्त्री तापली होती का?" सगळे हो म्हणाले. आत्या म्हणाली, तसं काही सांगता येत नाही, कापडात साबण राहिला तरी ते पिवळं पडतं. बाईंनी वर्गासमोर ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. त्या दिवशी आत्या घरी आली ती एखादी लढाई मारून आल्यासारखी.

चौथ्या शनिवारी बाईंनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, 'नंतर' आणि 'म्हणून'. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, तेवढ्यावरून ती तिच्यामुळे घडली असं ठरत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि प्रत्येकाला स्वतःचं एक उदाहरण लिहायला लावलं. आत्याने पेन उचललं आणि तशीच बसून राहिली. वहीतलं ते पान कोरंच राहिलं. रात्री जेवताना आतोबांनी तिला बरं नाही का म्हणून विचारलं.

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी धुलाई विभागात एक बाई लागली होती. सगळे तिला 'नवी' म्हणत. कामाला चोख, पण कुणात न मिसळणारी. ती आली आणि दोन आठवड्यांत धुतलेल्या चादरींवर तांबूस डाग दिसू लागले. ही आल्यापासूनच डाग पडतायत, असं सगळ्यांत आधी म्हणाली ती आत्या. नुसती म्हणाली नाही, तिने सुपरवायझरकडे तशी लेखी तक्रार दिली. नवीला मेमो मिळाला. आणखी एक मिळाला असता तर तिची नोकरी गेली असती.

सोमवारी आत्या तासभर लवकर कामावर गेली. नवी यायच्या आधी बाद झालेल्या चादरींचं एक गाठोडं कोठीत पडून होतं. तिने ते सोडलं आणि खिडकीपाशी एकेक चादर उलगडून पाहिली. एकवीस चादरींपैकी सहांवर तेच तांबूस डाग होते. डाग आधीही पडतच होते. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले ते नवी आल्यावर.

तरीही तिने घाई केली नाही. पुढचा आठवडाभर पहिल्या मशीनच्या चादरींना पांढरा, दुसऱ्याच्या चादरींना निळा आणि तिसऱ्याच्या चादरींना लाल दोरा बांधला. नवी दोन दिवस रजेवर होती, त्या दिवसांचीही तिने नोंद ठेवली. डाग पडले ते फक्त लाल दोऱ्याच्या चादरींवर, आणि नवी नव्हती तेव्हाही पडले. तिसरं मशीन सगळ्यांत कोपऱ्यातलं, उकाड्यातलं. नवीन माणसाच्या गळ्यात तेच मारायचं, ही तिथली जुनी पद्धत होती. मिस्त्रीला बोलावून दाराचं रबर काढलं, तर मागची लोखंडी पट्टी गंजून भुगा झालेली.

सुपरवायझर म्हणाला, पट्टी बदलली, विषय संपला. आत्याने मात्र लेखी माफीनामा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तिला बाजूला घेऊन समजावलं की उगाच स्वतःच्या हाताने स्वतःची चूक कशाला कागदावर आणता, कुणाच्या लक्षातही नाही.

"तक्रार लिहून दिली होती ना," आत्या म्हणाली, "मग ती खोटी ठरली हेही लिहूनच द्यायला हवं."

दुपारी मशीनं थांबल्यावर तिने सगळ्यांसमोर तेच सांगितलं. मशीनं बंद असूनही ती ओरडूनच बोलली, सवयीने. नवीने ऐकून घेतलं आणि चादरींच्या घड्या घालत राहिली. मेमो रद्द झाला, पण ती आत्याशी बोलेना. आत्याला ते लागलं. तिने आतोबांना विचारलं, एवढं सगळं करूनही ती बोलत का नाही?

"तू माफी मागितलीस," आतोबा म्हणाले, "त्यावरून तिने ती द्यायलाच हवी असं ठरत नाही."

या वेळी आत्या उठून स्वयंपाकघरात गेली नाही. बसल्या जागीच म्हणाली, "खरंय."

दीडेक महिन्याने डबा खाताना नवी तिच्या समोर येऊन बसली. अर्धा डबा संपल्यावर नवीने विचारलं, ते दोरे बांधायचं कुठे शिकलात? आत्याने वर्गाचं सांगितलं. दोरे काही तिथे शिकवत नाहीत, पण त्याच्या आधी विचार कसा करायचा ते शिकवतात, असंही सांगितलं. वर्ग तोवर संपला होता. बाई पुढच्या वर्षी तो पुन्हा घेणार होत्या.

पुढच्या वर्षी दोघी गेल्या. नवी दुसऱ्याच शनिवारी भर वर्गात आत्याला म्हणाली की तुमचं म्हणणं मला पटत नाही, आणि का ते तिने सावकाश, एकेक करून मांडलं. बाईंनी आत्याकडे पाहिलं. आत्याने वहीतली आपली ओळ खोडली आणि नवीला म्हणाली, "थांब जरा. ते दुसरं कारण पुन्हा सांग, लिहून घेते."