ज्याला स्टिकर चिकटत नाही

हॉस्पिटलात तिला सगळे स्टिकरताई म्हणत. कॉम्प्युटर विभागात आलेल्या प्रत्येक वस्तूला नंबराचा स्टिकर लावायचा आणि ती डेटाबेसमध्ये चढवायची, हे तिचं काम. मॉनिटर, प्रिंटर, कीबोर्ड, माउस. चार्जरसुद्धा तिच्या हातून सुटला नव्हता. घरी नवरा तिच्यासमोर फार वेळ एका जागी बसत नसे. म्हणे, उगाच नंबर पडायचा.

मग एका सकाळी लॅबचे रिपोर्ट वॉर्डात दिसेनासे झाले. विभागाच्या साहेबांनी तिला विचारलं. लॅबमधला कुठला माउस कोणत्या टेबलावर आहे हे ती झोपेतही सांगू शकली असती; रिपोर्ट कोणत्या सर्व्हरवरून वॉर्डात पोचतात, हे मात्र तिच्याकडे कुठेच नव्हतं. बंद पडलेला सर्व्हर सापडेपर्यंत दुपार झाली. तोवर वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर स्वतः रिपोर्टांचे कागद घेऊन लॅब ते वॉर्ड जिने चढत-उतरत होत्या. कुणा पेशंटचं वाईट झालं नाही, ते त्यांच्या पायांमुळे. तिला कुणी काही बोललं नाही. तेच तिला लागलं.

नंतर साहेबांनी सांगितलं की डेटाबेसमध्ये वस्तूंचे इतके प्रकार झालेत, ते सगळे नीट ठेवणं कुणाच्या बापाला जमणार नाही. मोजके निवड, ते डोळ्यांत तेल घालून सांभाळू, बाकीचे सोडून दे. निवड चुकली तर पुन्हा हेच होणार, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

ती नुसती कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसून राहिली. जे सोडायचं ते सगळं तिने स्वतःच्या बोटांनी दाबून दाबून चिकटवलेलं होतं. शेवटी उठली आणि वॉर्डात मोठ्या सिस्टरांपुढे जाऊन उभी राहिली. त्या औषधांचा ट्रे लावत होत्या. काय बंद पडलं की तुमचा जीव वर-खाली होतो, असं तिने विचारलं.

"आज स्टिकर नाही आणलेस?" सिस्टर म्हणाल्या. मग हात न थांबवता, "हे बघ, माउस मेला तर मी शेजारच्या टेबलावरचा ओढून घेते. रिपोर्ट आला नाही तर काय ओढू?"

रिपोर्ट येणं. त्याला तिने कधी नंबर दिला नव्हता, कारण चिकटवायचा कशावर? इतकी वर्षं तिने हाताला लागेल तेवढंच जग धरलं होतं. ज्याच्यावर माणसं तगून होती, ते तिच्या बोटांच्या फटींतून वाऱ्यासारखं जात राहिलं.

सिस्टरांनी स्टूल पुढे सरकवलं. रिपोर्ट, औषधांच्या ऑर्डरी, रिकाम्या खाटा. ज्यांच्यावाचून वॉर्ड अडतो ती कामं त्यांनी एकेक करून सांगितली. तिथून ती मागे मागे गेली: हे काम कोणता प्रोग्रॅम करतो, तो कोणत्या सर्व्हरवर, सर्व्हर कोणत्या नेटवर्कवर, आणि कोण कोणाच्या आधाराने उभं आहे. एवढेच प्रकार तिने ठेवले. माउस आणि चार्जर काढून टाकताना प्रत्येकाचा नंबर तिने एकदा वाचून घेतला. साहेबांनी पाहिलं आणि मान डोलावली.

पुढे एक जुना सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद करायचा ठरला. तिने डेटाबेस उघडला. रिपोर्ट त्याच्यावरच उभे होते. ते आधी दुसऱ्या सर्व्हरवर हलवून घेतले, आणि काही अडलंच तर म्हणून सिस्टरांना कळवून ठेवलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुमाराला फोन वाजला.

"काय गं, सकाळी बंद करणार होतीस ना? विसरलीस की काय? मी जिन्यासाठी बूट घालून बसलेय."

"झालं करून, सिस्टर. दुरुस्त होऊन चालूही झाला."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. ते स्टूल, ते जिने.

"तर मग आता जरा बसा," एवढंच ती म्हणाली.

"बसलेय," सिस्टर म्हणाल्या. फोनमधून खुर्ची कुरकुरल्याचा आवाज आला, आणि दोघींपैकी कुणीच फोन ठेवायची घाई केली नाही.