आटे गेलेले बोल्ट आणि पेटीवाल्या मॅडम

मला नापास करणाऱ्या मॅडम काल गेल्या.

आणि आज मी छाती फुगवून सांगतोय, असं नापास करणारं माणूस सगळ्यांना मिळो.

गोष्ट नव्वदीतली. मी खोडदचा, वय एकोणीस. लहानपणी गोवरात डोळे गेले, पण कान आणि बोटं एकदम टकाटक. विहिरीवरची मोटर बिघडणार असली की आवाजावरून घरात आधी मी सांगायचो.

नारायणगावात मोटर रिवाइंडिंगचं एक दुकान होतं. जळालेली वायर काढायची, नवी भरायची. मला तेच काम पाहिजे होतं.

दुकानाचे मालक, भाऊ, माणूस चांगला पण घाबरायचे. म्हणाले, जुन्नरच्या कॅम्पला पुण्याच्या मॅडम येतात, अपंगांना कुठलं काम जमेल ते तपासतात. त्यांनी लिहून दिलं तर ठेवतो.

म्हणजे सगळं त्या एका कागदावर.

मॅडमची पत्र्याची पेटी, त्यात नट-बोल्ट, हातात स्टॉपवॉच. पंधरा मिनिटांत जमतील तेवढे नट बोल्टवर चढवायचे.

माझे थोडेच झाले.

रिपोर्ट आला: हात फार हळू चालतो. मशीनचं काम नको. खडू बनवायला शिकवा.

खडू! लई राग आला राव. चुलते म्हणाले, खडू तर खडू, बसून खाण्यापेक्षा बरं. आईनं कागद घडी करून डब्यात ठेवला. 

आठवड्यानं मॅडम एसटीनं थेट आमच्या ओट्यावर हजर. माझ्या हातात एक पिशवी दिली. चाचपली, तर परीक्षेत मी बाजूला ठेवलेले बोल्ट.

"हे का वगळलेस?"

"आटे गेलेत त्यांचे. दाबून चढवलं तर बसंल, पण मोटर थरथरली की सुटंल."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमी पावण्या. तुमच्या सामानाला नावं कशी ठिवायची?"

मॅडम ओट्यावर टेकल्या.

पेटी आवरताना त्यांनी ते एकेक तपासले होते. झाडून सगळे बाद. बाकीच्यांनी तसेच रेटून चढवले आणि पास झाले. मी निवडत बसलो.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या कागदावर फक्त वेळ लिहायला जागा आहे."

एवढी शिकलेली बाई, आईसमोर, चुलत्यांसमोर असं म्हणाली. मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

नुसता कागद बदलून त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात. भंगारातली एक मोटर माझ्यापुढे ठेवायला लावली आणि स्वतः तीन दिवस स्टुलावर बसून राहिल्या. स्टॉपवॉच पर्समध्ये.

वायरींच्या रंगांवर मी अडलो, तर त्यांना गाठी मारायला सांगितल्या. पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. झालं काम!

चौथ्या दिवशी भाऊंनी बटण दाबलं.

एका बटणात उठली. आवाज एकदम साफ.

भाऊ एवढंच म्हणाले, "उद्यापासून नऊला ये."

त्यानंतर मॅडमनी एक वही केली. टोमॅटो निवडायला काय लागतं, डेअरीत काय, वाइंडिंगला काय, सगळं आपल्या भागातलं. तालुक्या-तालुक्यातले कार्यकर्ते तिची झेरॉक्स काढून न्यायचे. पहिल्या पानावर एकच ओळ होती: माणसानं बाजूला काय ठेवलं, ते आधी विचारा.

पुढं दोन हजारनंतर मी स्वतःचं दुकान टाकलं. मॅडमनी आहुप्याची एक मुलगी पाठवली, तिला ऐकू येत नाही. नुसता हात लावून खराब बेअरिंग ओळखते. आजही माझ्यापेक्षा फास्ट आहे, मान्य करावं लागतं.

मॅडम, आज दुकान बंद ठेवलं नाही. तुम्ही रागावला असता.

सकाळी बेल्ह्याचा एक पाव्हणा मोटर घेऊन आला. आधी बोल्ट चाचपले, दोन बाजूला काढले.

आणि पाव्हण्याला तोंडावर सांगितलं, आटे गेलेत तुमचे.

आता बोलतो मी, मॅडम.

शेवटचा नमस्कार.